वकिलाच्या विरोधात तक्रार करायची तर आपल्या बाजूनं उभा राहणारा वकील कोण असतो?

महालचा_मुलगा:
नमस्कार मंडळी, धागा थोडा लांब होईल, सांभाळून घ्या. आईच्या माहेरच्या घराचा वाटणीचा दावा नागपूरच्या कोर्टात टाकला होता, वकीलसाहेब ओळखीतूनच मिळाले होते (नाव विचारू नका, सांगणार नाही), फी वेळेवर दिली, आईनं प्रत्येक वेळी पावती मागितली आणि प्रत्येक वेळी "आई, घरचंच आहे ना" असं उत्तर मिळालं. दर महिन्याला मी व्हॉट्सॲपवर विचारायचो, काय झालं सर, तर उत्तर यायचं "तारीख पडली, काळजी नको." मागच्या आठवड्यात सहज मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकलं, सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला, तर केस ११ महिन्यांआधीच डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट, म्हणजे गैरहजेरीमुळे फेटाळलेली! म्हणजे ११ महिने मला ज्या तारखा सांगून राहिले होते त्या कोणत्या कोर्टाच्या होत्या देव जाणे.

नकलेसाठी अर्ज करून रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) काढला. त्यात एकच ओळ आहे, "वादी व वादीचे वकील पुकारूनही गैरहजर." ती ओळ आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, मी तर घरीच होते, मला कोणी पुकारलं?

आता माझा साधा प्रश्न. चोरी झाली तर आपण पोलिसात जातो, पुढं कोर्टात सरकारी वकील केस चालवतो, आपण फक्त साक्षीदार. वकिलानंच गोंधळ घातला तर बार कौन्सिलमध्ये (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) तक्रार करायची हे माहीत आहे, पण तिथं आपल्या बाजूनं केस कोण चालवतं? तिथं सरकारी वकिलासारखा कोणी असतो का? त्याची पात्रता काय, तो काय करतो? की मीच आपला फाईल घेऊन उभा राहू?

इतवारी_एक्स्प्रेस:
पहिले तर आईंना नमस्कार सांगा, प्रश्न एकदम बरोबर विचारला त्यांनी. दुसरं म्हणजे वकिलाविरुद्ध वकील? भाऊ, कावळा कावळ्याचा डोळा फोडत नाही.

निवृत्त_नाझर:
३१ वर्षे कोर्टात काढली, म्हणून बोलतो. कावळ्याची गोष्ट अर्धी खरी हाय. पण मले आधी हे सांगा, तुमी रिस्टोरेशनचा, म्हंजे फेटाळलेला दावा परत चालू करायचा अर्ज टाकला का? तक्रारीनं वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) जाईल का राहील ते पुढचं पुढं, तुमच्या आईचा दावा तक्रारीनं परत येत नाही बाप्पा. लोक रागात आधी बार कौन्सिलले पत्र पाठवतात आन् इकडे मुदत निघून जाते. ३० दिवसांची मुदत असते, तुमची तर कवाच गेली, म्हणजे संगं विलंब माफीचा अर्जही लागन. आज संध्याकाळी नाही, उद्या सकाळीच दुसरा वकील पाहा.

महालचा_मुलगा:
नाझर काका, नाही टाकला. मला वाटलं आधी तक्रार, मग बाकीचं.

वकील_ताई_धंतोली:
काकांचं बरोबर आहे, आधी ते करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ९ खाली रिस्टोरेशन, सोबत डिलेचा (विलंब माफीचा) अर्ज, आणि डिलेच्या अर्जाला तुमचे व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडा, तारखेसकट. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको असं सुप्रीम कोर्टानं १९८१ साली म्हटलंय आणि आजही ते सगळे दाखवतात, पण अलीकडे कोर्ट हेही विचारतं की तुम्ही स्वतः काय चौकशी केली, म्हणून ते मेसेज तुमच्यासाठी सोनं आहेत, फोन फॉरमॅट करू नका. (नवीन दावा टाकता येईल का हा वेगळा विषय, तो तुमच्या नव्या वकिलाला विचारा.)

आता मूळ प्रश्न. मी १४ वर्षे प्रॅक्टिस करते, त्यामुळे मी "आतली" आहे हे आधीच कबूल. थोडक्यात उत्तर: आपल्याकडे असा पगारी, पूर्णवेळ, फक्त वकिलांविरुद्ध केसेस चालवणारा वकील नाही.

अॅडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३५ बघा. तक्रार आली, किंवा तक्रार न येताही, स्टेट बार कौन्सिलला वाटलं की या वकिलानं गैरवर्तन केलं असावं, तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघं: दोघं कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य आणि एक बाहेरून घेतलेला वकील, त्याची किमान १० वर्षांची प्रॅक्टिस हवी. तिघांत जो सगळ्यात सीनियर तो अध्यक्ष. समितीला दिवाणी कोर्टासारखे समन्स काढायचे, कागद मागवायचे अधिकार आहेत. तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नाव रोलवरूनच (वकिलांच्या यादीतूनच) काढू शकते. पण ही समिती न्यायाधीशाच्या जागी आहे. तुमच्या बाजूनं बोलायला कोणी नाही. तुम्ही स्वतः बोला किंवा स्वतःच्या खर्चानं वकील लावा.

इतवारी_एक्स्प्रेस:
म्हणजे वकिलाविरुद्ध लढायला परत वकील विकत घ्यायचा. वा रे वा.

सिव्हिल_लाईन्स_७:
ताई, कलम ३५ मध्ये ॲडव्होकेट जनरलला (राज्याचे महाधिवक्ता) नोटीस जाते असं वाचलं होतं. मग तेच सरकारी वकील नाही का झाले?

वकील_ताई_धंतोली:
हो, नोटीस जाते, आणि ते स्वतः किंवा दुसऱ्या वकिलामार्फत येऊन म्हणणं मांडू शकतात. पात्रतेचं म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम १६५ प्रमाणे हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला जी लायकी लागते तीच. पण ते "मांडू शकतात", मांडलंच पाहिजे असं नाही. राज्याचे सगळ्यात मोठे वकील, त्यांच्याकडे सरकारची कामं ढिगानं. मी तीन प्रकरणांत समितीपुढे गेले आहे, एकदा तक्रारदाराकडून, दोनदा वकिलाकडून, तिन्ही वेळा त्यांच्या बाजूनं कोणी आलेलं पाहिलं नाही.

आणि यावर आपल्याच महाराष्ट्रात मोठी लढाई झालीये. ॲडव्होकेट जनरल होते एच. एम. सीरवई. एका वकिलाला लंडनमध्ये दुकानातून वस्तू उचलल्याबद्दल शिक्षा झाली होती, इथं समितीनं त्याच्याविरुद्धचं प्रकरण बंद केलं, सीरवई त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियात अपिलात गेले आणि जिंकले, तर १९७० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की ॲडव्होकेट जनरल हे "व्यथित व्यक्ती" (निकालाची झळ बसलेली व्यक्ती) नाहीत, त्यांना अपिलाचा अधिकारच नाही. पाचात तीन विरुद्ध दोन. म्हणजे नोटीस त्यांना द्या, म्हणणं त्यांचं ऐका, पण निकाल पटला नाही तर त्यांनी गप्प बसा! शेवटी १९७३ मध्ये कायदा बदलून त्यांना अपिलाचा अधिकार दिला. पण अधिकार कागदावर आला म्हणून काम करणारा माणूस मिळाला असं होत नाही ना.

सॅनहोजेकर_मूळचा_सदर:
इथं कॅलिफोर्नियात एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) आहे, वकील नाही, म्हणून तेवढं मीठ लावून वाचा. तुम्ही ज्याला शोधून राहिले तो माणूस इथं असतो. बहुतेक राज्यांत त्याला डिसिप्लिनरी काउन्सेल किंवा बार काउन्सेल म्हणतात. अमेरिकन बार असोसिएशनचे नमुना नियम आहेत १९८९ चे, त्यात त्याचं काम सांगितलंय: आलेली तक्रार तपासायची, चौकशी करायची, दम नसेल तर बंद करायची, दम असेल तर केस उभी करून पुराव्यानिशी चालवायची, आणि तक्रारदाराला वेळोवेळी काय झालं ते कळवायचं. स्वतः सनदधारक वकील हवा आणि खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला उद्या त्याच कोर्टात त्याच वकिलांसमोर उभं राहून पोट भरायचं आहे तो आज त्यांच्याविरुद्ध किती ताणणार?

कॅलिफोर्नियात त्या ऑफिसच्या प्रमुखाला चीफ ट्रायल काउन्सेल म्हणतात. चार वर्षांची मुदत, नेमणुकीला राज्याच्या सिनेटची मंजुरी लागते. आणि समोर बसतात ते निवडून आलेले वकील नाहीत, स्टेट बार कोर्ट म्हणून वेगळं कोर्टच आहे, त्याचे न्यायाधीश फक्त हेच काम करतात. तक्रारदार इथं पक्षकार नसतो, साक्षीदार असतो. तुमची आई फॉर्म भरेल, कागद देईल आणि घरी जाईल. बाकी ऑफिस पाहील.

इतवारी_एक्स्प्रेस:
झालं मग, तिकीट काढा आईचं सॅन होजेचं.

निवृत्त_नाझर:
सदरवाले भाऊ, ऐकाले लय गोड वाटते. पण तिकडे सगळं आलबेल हाय का?

सॅनहोजेकर_मूळचा_सदर:
काका, तेच सांगणार होतो. अजिबात नाही. टॉम जिरार्डी म्हणून लॉस एंजेलिसचा फार मोठा वकील, अपघातात बळी गेलेल्यांच्या भरपाईचे पैसे खाल्ले. त्याच्याविरुद्ध ४० वर्षांत २०५ तक्रारी आल्या होत्या, स्टेट बारनं २०२२ मध्ये स्वतःच हा आकडा जाहीर केला. २०५! पगारी ऑफिस, पूर्णवेळ वकील, वेगळं कोर्ट, सगळं होतं, तरी त्याची सनद गेली ती २०२२ मध्ये, आणि २०२४ मध्ये ज्युरीनं फसवणुकीत दोषी ठरवलं. बारच्या आत त्याच्या ओळखी होत्या. तेव्हा खुर्ची निर्माण केली म्हणजे काम झालं असं नाही, पण निदान विचारायला एक खुर्ची तरी आहे. २०५ तक्रारी कोणाच्या टेबलावर पडून होत्या हे तरी विचारता आलं.

सिव्हिल_लाईन्स_७:
मी वकील आहे आणि मला हे एकतर्फी वाटतंय. वकिलाविरुद्ध तक्रार हे आजकाल हत्यार झालंय. केस हरला की तक्रार. उलट बाजूच्या वकिलानं चांगली उलटतपासणी घेतली की तक्रार. नोटरीसमोर ओळख पटवून दिली म्हणून तक्रार. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलला ५० हजारांचा खर्च लावला, कारण विरुद्ध पार्टीच्या वकिलाविरुद्धची तक्रार आंधळेपणानं समितीकडे पाठवली होती. तो वकील तक्रारदाराचा वकीलच नव्हता! कोर्टानं सांगितलं, सर्वसाधारणपणे तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नातं हवं. आता तुम्ही पगारी "सरकारी वकील" बसवला की तो टार्गेट पूर्ण करायला कोणालाही उचलेल.

वकील_ताई_धंतोली:
सर, मान्य, पण महालच्या भावाची केस ती नाहीये, वकील त्यांचाच होता. आणि मला तर उलट वाटतं, असा माणूस असता तर ती नोटरीवाली तक्रार पहिल्याच टेबलावर बंद झाली असती. चाळणी लावणं हे त्याचं अर्धं काम असतं. आज चाळणी लावतात निवडून आलेले सदस्य, त्यांना पुढच्या निवडणुकीत मतं वकिलांचीच लागतात. मी कोणावर आरोप करत नाहीये, बरेच सदस्य मनापासून काम करतात, प्रॅक्टिस सांभाळून तारखांना बसतात. पण रचनाच अशी आहे की खोट्या तक्रारीला आणि खऱ्या तक्रारीला एकच रांग.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, चूक आणि गैरवर्तन वेगळं. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि अनुचित सल्ला देणं वेगळं, नुसती चूक झाली म्हणून वकील दोषी नाही. म्हणून "आमचा वकील नीट बोलला नाही" ही तक्रार उभी राहत नाही. पण "केस गेलेली असताना ११ महिने खोट्या तारखा सांगितल्या" ही राहते. तक्रारीत पहिलं वाक्य तेच लिहा. डिफॉल्टमध्ये गेली हे दुसरं.

रेशीमबाग_रात्रपाळी:
ताई, सिद्ध किती करावं लागतं? म्हणजे सिव्हिलसारखं की क्रिमिनलसारखं?

वकील_ताई_धंतोली:
चांगला प्रश्न. आपल्याकडे कार्यवाही अर्धफौजदारी मानतात, माणसाची रोजीरोटी जाते म्हणून पुरावा भक्कम लागतो, संशयाचा फायदा वकिलाला. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर्सच्या ट्रायब्युनलमध्येही क्रिमिनलसारखंच होतं, २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी सिव्हिलचं माप घेतलं. अमेरिकेत मधलं काहीतरी आहे, सदरवाले सांगतील.

सॅनहोजेकर_मूळचा_सदर:
हो, "क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग", म्हणजे सिव्हिलपेक्षा जड, क्रिमिनलपेक्षा हलकं. पण सिद्ध करायला पगारी तपासनीस आणि बँकेचे कागद मागवायची ताकद असते. तुमच्याकडे माप जड आणि उचलायला आई एकटी.

महालचा_मुलगा:
हेच. हेच मला तीन दिवसांपासून बोलता येत नव्हतं.

बरं ताई, अजून एक. फाईल परत मागितली तर म्हणतात बाकी फी द्या मग देतो. फी बाकी नाहीये आणि पावतीही नाहीये.

वकील_ताई_धंतोली:
फी बाकी असली तरी फाईल अडवता येत नाही! सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय, पक्षकाराचे कागद हे काही दुकानातला माल नाही, वकिलाचा त्यावर हक्क चढत नाही. आधी लेखी मागा, पोचपावतीसह स्पीड पोस्टनं, ती पावती जपून ठेवा. ग्राहक मंचात जाऊ म्हणाल तर तो रस्ता बंद झालाय, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वकिलाच्या सेवा ग्राहक कायद्याबाहेर काढल्या. म्हणून तर बार कौन्सिलचं दार नीट उघडं असायला हवं, बाकीची दारं बंद होत चालली आहेत.

आणि हो, मघाशी एक गोष्ट राहिली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत समितीला कोणत्याही टप्प्यावर ॲमिकस क्युरी (मदतीसाठी नेमलेला वकील) नेमता येतो, त्याला फीही देता येते. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच गोष्ट आहे. तो तुमचा वकील नसतो, समितीला मदत करतो, पण कागद नीट लावून, प्रश्न विचारून प्रकरण उभं करू शकतो. आईंचं वय, दुसरा वकील परवडत नाही, हे लिहून पहिल्याच तारखेला अर्ज द्या. देतीलच असं नाही. पण मागतं कोण? मी तरी मागताना कोणाला पाहिलं नाही.

निवृत्त_नाझर:
हे मलेही माहीत नव्हतं. ३१ वर्षे वाया.

इतवारी_एक्स्प्रेस:
किती दिवस लागतील हो या सगळ्याला? मुंबईले खेटे मारायचे का?

वकील_ताई_धंतोली:
कौन्सिलचं ऑफिस मुंबईला फोर्टमध्ये, हायकोर्टाजवळ. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सीएसएमटीला उतरून चालत. तक्रार सही आणि व्हेरिफिकेशनसह द्या, फी भरा. बहुतेक काम कागद आणि ॲफिडेव्हिटवर चालतं, साक्षीपुराव्याची गरज समितीला वाटली तरच उलटतपासणी. म्हणून कागदावर मेहनत घ्या. कायद्यात एक वर्षाची मुदत आहे, कलम ३६-बी, वर्षात संपलं नाही तर प्रकरण आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानंही सुनावलंय की वर्षाच्या आत संपवा. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत दिल्ली, तिथूनही विरुद्ध गेला तर ६० दिवसांत सुप्रीम कोर्ट.

दिल्लीला गेलं म्हणजे वेग येतो असं समजू नका, खोटं आश्वासन देणार नाही.

सिव्हिल_लाईन्स_७:
एक जोडतो, मघाशी तिखट बोललो म्हणून. बार कौन्सिल नेहमीच वकिलांना वाचवते असंही नाही. मुंबईत फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील पक्षकारांचे कागद अक्षरशः हिसकून घ्यायचे, त्यांना शिक्षा झाली, वर दिल्लीत ते सुटले, तेव्हा महाराष्ट्र बार कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेली. १९७५ मध्ये सात न्यायाधीशांनी मान्य केलं की कौन्सिलही व्यथित असू शकते, तिला अपिलाचा अधिकार आहे. दाभोळकर प्रकरण. कॉलेजात शिकवतात, परीक्षेला येतं, पण खरा अर्थ हाच की फिर्यादी व्हायची ताकद कौन्सिलकडे आहे. वापरली पाहिजे.

महालचा_मुलगा:
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी, इकडे खूप धावपळ होती.

नाझर काकांचं ऐकून दुसऱ्याच दिवशी नवीन वकील बाई पाहिल्या, रिस्टोरेशन आणि डिले दोन्ही अर्ज दाखल झाले, विरुद्ध पार्टीला नोटीस निघाली. व्हॉट्सॲपच्या ४३ मेसेजची प्रिंट काढली, झेरॉक्सवाला म्हणे दादा लव्हस्टोरी आहे का. तक्रार मराठीत लिहिली, पहिलं वाक्य ताईंनी सांगितलं तेच. ॲमिकसचा अर्ज आईच्या सहीनं तयार ठेवलाय.

फाईलसाठी स्पीड पोस्टनं पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी जुन्या वकीलसाहेबांचा स्वतःहून फोन आला. फाईल घेऊन जा म्हणे, आणि बसून मिटवून टाकू, आईंचे पैसेही परत करतो, तुम्ही तेवढी तक्रार मागे घ्या. फाईल घेऊन आलो. आत पाहिलं तर आईनं दिलेला १९७८ चा सिटी सर्व्हेचा उतारा जसाच्या तसा, एक घडीही उघडलेली नाही. कोर्टात दाखलच केला नव्हता.

ताई, मिटवलं तर तक्रार संपते का? आईला पैसे परत घ्यायचे आहेत, पण तक्रार मागे घ्यायची नाहीये.

वकील_ताई_धंतोली:
नाही संपत. नियमात स्पष्ट आहे, तक्रारदारानं मागे घेतली, तडजोड झाली किंवा पुढं चालवायची इच्छा नाही एवढ्यावरून चौकशी बंद करता येत नाही. प्रकरण तक्रारदार आणि वकील दोघांचंच नसतं. पैसे घ्या, बँकेतून घ्या, आणि कशाबद्दल परत दिले ते त्यांच्या सहीनं लिहून घ्या. दुसऱ्या कशावर सही करू नका.

महालचा_मुलगा:
हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" आणि फोन ठेवला.

रिस्टोरेशनची पेशी १८ ला आहे. आई म्हणते मी येणार, यावेळी पुकारलं की उत्तर द्यायचंय.

निवृत्त_नाझर:
११ च्या आधी या. पुकारा हळू आवाजात होते, दारापाशीच बसवा माउलीले.